काजताईच्या नावाला कोण उभं राहिलं

रविवारी मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी डोळे मिटायची आणि काजताई कान टवकारायची. डोळे तीही मिटायची, त्यात लबाडी नव्हती. पण मिटल्या डोळ्यांनी ती देवाकडे पाहत असेल असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक. ती मोजत असायची.

काय मोजायची ते कळायला या मंडळीची रीत ठाऊक हवी. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्यानं शनिवारपर्यंत चिठ्ठीवर नाव लिहून दाराजवळच्या लाकडी पेटीत टाकायचं. रविवारी पाळक पेटीत हात घालणार, हाताला येईल ती चिठ्ठी काढणार, नाव वाचणार. त्या माणसासाठी देवाकडे शब्द टाकावा असं ज्याला वाटेल त्यानं जागेवर उभं राहायचं आणि ‘आमेन’ झालं की खाली बसायचं. ज्याचं नाव त्यानं मात्र बसूनच राहायचं. त्याच्या वतीनं उभं राहायचं ते दुसऱ्यानं. ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणाला सांगता येत नाही, पण तिचं कारण शाळकरी पोरंसुद्धा सांगतील. ख्रिस्त पित्याजवळ आपली बाजू मांडतो, आपल्या वतीनं बोलत राहतो, त्याची निदान आठवड्यातून एकदा तरी आठवण राहावी. आणि डोळे मिटायचे ते एवढ्याचसाठी, की कोण कुणासाठी उठलं हे कुणी लक्षात ठेवू नये.

काजताई लक्षात ठेवायचीच. चर्चमधले बाक जुने आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. पाववाला उठला की तिसरा बाक सुटलो बुवा म्हटल्यासारखा करकरायचा. घड्याळजीच्या बाकाचा एक पाय आखूड होता, तो ठक्क वाजायचा. टपालकचेरीतल्या बाई उठल्या की आधी त्यांच्या गुडघ्याचा आवाज यायचा, मग बाकाचा. चाळीस वर्षं एका डोळ्यावर काम केलेल्या बाईचे कान असे तिखट होतातच. कुणासाठी चार उठले, कुणासाठी सात, सगळं तिला पाठ. आणि तिच्या धाकट्या बहिणीसाठी अकरा उठले होते, हे तर तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

काजताई शिंप्याच्या दुकानात काजं करायची. आता काजाला मशीन आलंय, खडखड करत मिनिटात शर्ट उरकतं. पण भारी कोट घेऊन येणारं गिऱ्हाईक अजून मास्तरांना विचारायचं, ‘काजं हातची ना?’ मास्तर मान न वळवता मागच्या खिडकीकडे बोट करायचे. तिथं ताई बसलेली. खडूची रेघ, कात्रीची एकच चीर, मग मेण लावलेल्या रेशमी दोऱ्यानं कडेकडेनं टाका, प्रत्येक टाक्याला गाठ, शेवटी आडवी पट्टी. तिचं काज उलटं करून पाहिलं तरी सुलटं कुठलं ते कळायचं नाही. त्यावरूनच तिला सगळे काजताई म्हणू लागले, आणि इतकी वर्षं म्हणत राहिले की तिचं कागदावरचं नाव लोकांच्या लेखी पुसूनच गेलं.

डावा डोळा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि धाकटी पाच.

बाप कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचा. घरात पाट्यावर धार लावलेल्या कात्र्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांना हात लावायचा नाही हा घरातला पहिला कायदा. धाकटीनं एका दुपारी कात्री उचलली, तिला कागदाची बाहुली कापायची होती. ताई ती काढून घ्यायला गेली, धाकटीनं हिसका दिला. बस, एवढंच. डोळ्यावर पट्टी बांधून ताईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बाप कंबरेचा पट्टा काढून उभा होता आणि धाकटी टेबलाखाली शिरलेली. आई ताईला खाटेवर निजवून तडक उठली आणि बाप नि टेबल यांच्या मधे जाऊन उभी राहिली. बोलत राहिली. अजाण आहे म्हणाली, चूक माझी म्हणाली, कात्र्या उंचावर मीच ठेवायला हव्या होत्या म्हणाली. कितीतरी वेळ बोलली. शेवटी बापानं पट्टा परत कमरेला बांधला.

ताईनं हे सगळं उरलेल्या एका डोळ्यानं पाहिलं. रात्री तिनं आईला विचारलं, “डोळा माझा गेला, मग तू तिच्यासाठी का बोललीस?”

“तुझ्या डोळ्याला डॉक्टर आहे,” आई म्हणाली. “तिच्यासाठी कोण बोलणार होतं?”

हे उत्तर ताईनं एकोणपन्नास वर्षं चघळलं, पण तिच्या घशाखाली उतरलं नाही. डोळा माझा आणि वकिली तिची, हा कुठला न्याय? पुढेही तेच होत गेलं. धाकटी नापास झाली, आई शाळेत जाऊन हेडमास्तरांची मनधरणी करून आली. धाकटीनं घरी न सांगता लग्न ठरवलं, आई बापाची समजूत घालत महिनाभर झिजली. ताई कधी नापास झाली नाही, न सांगता काही केलं नाही, कुणाची कुठली वस्तू मोडली नाही. त्यामुळे तिच्यासाठी कुणाला तोंड उघडावंच लागलं नाही. शहाण्या पोरीच्या वाट्याला काय येतं, तर ‘ही आमची शहाणी’ एवढं एक वाक्य, तेही पाहुण्यांसमोर. आई गेली ती हेच वाक्य बोलून, आणि हात मात्र धाकटीचा धरून.

धाकटी पुढे शिशुवर्गाची बाई झाली. रस्त्यानं तिच्याबरोबर चालायची सोय नव्हती. दर चार पावलांवर कुणीतरी ‘बाई!’ म्हणून थांबणार. ज्यांची नाकं तिनं पुसली होती ते आता दाढीमिशा घेऊन तिच्या पिशव्या उचलायला धावायचे. ताई दोन पावलं पुढे जाऊन दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची. काचेत काय आहे ते तिला कधीच दिसायचं नाही, रागानं डोकं भणभणलेलं असायचं.

चर्चमध्ये तरी बरं वाटावं, तर तिथंही तेच. पाळक एकदा प्रवचनात म्हणाले, “ख्रिस्त आपल्यासाठी बोलतो तो आपण निर्दोष आहोत म्हणून नव्हे. नाही आहोत, म्हणून बोलतो. निर्दोष माणसाला मध्यस्थ लागतो कशाला?” मंडळीनं माना डोलावल्या. काजताईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे वरदेखील चुकणाऱ्यांचीच चंगळ! तिथंही टेबलाखाली लपलेल्यांसाठीच कुणी मधे उभं राहणार, आणि खाटेवर पट्टी बांधून पडलेलीनं भिंतीकडे तोंड करायचं!

मग दीड महिन्यापूर्वी धाकटीच्या पोटात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन ठरलं. रविवारी पाळकांनी चिठ्ठी वाचली, “आपल्या शिशुवर्गाच्या बाई”, आणि चर्चभर एकच करकर उठली. पाववाला. घड्याळजी. टपालवाल्या बाईंचा गुडघा. काजताईनं मिटल्या डोळ्यांनी मोजलं. सात, आठ, नऊ. तिच्या पायांत उठायची ऊर्मी आली होती, खोटं कशाला बोला. सख्खी बहीण होती, गाठ साधी की वाईट हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दहा झाले, अकरा झाले, आणि तिच्या मनात आलं, अकरा आहेत ना हिला? मग बारावी मी कशाला? तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिली. कुणी पाहिलं नाही. डोळे मिटायचा फायदा असाही असतो.

गाठ साधी निघाली. काजताई दवाखान्यात डबा घेऊन गेली, उशी नीट केली, नर्सला दोन शब्द सुनावले, जे करायचं ते सगळं केलं. त्या रविवारबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी तिनं एका कोटाची काजं उजव्या पल्ल्यावर कापली. पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या पल्ल्यावर असतात, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. खडूची खूण डावीकडेच होती, तिला ती दिसलीच नाही. दोन चिरा पडल्यावर तिच्या बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कापलेलं काज परत जोडता येत नाही. मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कोट उचलला, नवा पल्ला कापायला घेतला आणि म्हणाले, “ताई, उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन या.”

डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं. मोतीबिंदू पिकलेला, शिवाय आतल्या पडद्याला सूज. “ऑपरेशन मंगळवारी करू,” ते म्हणाले. “पण एकच डोळा आहे, मी शब्द देत नाही.”

ती पायऱ्या मोजत खाली उतरली. डोळा गेला तर काज गेलं, आणि काज गेलं तर काजताई म्हणून उरतं काय? रस्त्यात एका बाकावर बसून तिनं विचार केला तेव्हा तिला आपलंच नवल वाटलं. मंगळवारी डोळ्याचं काय होईल, याहीपेक्षा तिला रविवारची धास्ती जास्त होती. आपलं नाव वाचतील तेव्हा किती उठतील? अकराची आशा नव्हती. अकरा कुठले, तीन? तिची जीभ तिखट, हे तिला ठाऊक होतं. पाववाल्याला शिळ्या पावावरून ती भर दुकानात बोलली होती, घड्याळजीला तर वर्षातून दोनदा. दोन तरी? निदान एक. एकानं उठावं. जन्मात एकदा कुणीतरी आपल्यासाठी उभं राहिलेलं कानांनी ऐकावं आणि मग डॉक्टरांनी काय करायचं ते करावं.

धाकटीला तिनं कळवलंच नाही. कळवलं असतं तर सगळं शिशुवर्गाचं गाव हळहळत आलं असतं, तेही धाकटीची बहीण म्हणून. उसनी कळकळ तिला नको होती. चिठ्ठीही तिनं स्वतःच लिहिली, दवाखान्याच्या कागदावरून बघून, ठसठशीत अक्षरात आपलं पूर्ण नाव, आणि खाली ‘मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन’. देवासमोर टोपणनाव कशाला? पेटीत टाकताना इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी केल्यासारखी घाईनं बाहेर पडली.

रविवारी ती वेळेआधी येऊन आपल्या चौथ्या बाकावर बसली. दुसऱ्या बाकावरची धाकटीची जागा रिकामी होती. उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं, पण रिकामी जागा तिला बरोबर दिसली. बरी होऊन पंधरा दिवस शेजारीपाजारी हिंडत होती, आज मात्र आली नाही. आली नाही तेच बरं, असं ताईनं मनाशी म्हटलं आणि पुन्हा दोनदा तिकडे पाहिलं.

प्रार्थना सुरू झाली. पहिलं नाव, तीन करकर. दुसरं, पाच. एका म्हाताऱ्या गवंड्याच्या नावाला सहा उठले, तो तर शिव्या दिल्याशिवाय बोलत नाही! एका नावाला कुणीच उठलं नाही, तेव्हा पाळक नेहमीप्रमाणे थांबले. असं झालं की ते दहा आकडे होतील इतका वेळ गप्प राहायचे, कुणी लाजत असेल तर त्याला उठता यावं म्हणून. सातव्या आकड्याला घड्याळजीचा बाक ठक्क वाजला. वीस नावं झाली, पंचवीस झाली. आपली चिठ्ठी पेटीच्या तळाशी अडकली की काय?

मग पाळकांनी तिचं नाव वाचलं. पूर्ण, कागदावरचं.

तिनं कान टवकारले. तिसरा बाक गप्प. ठक्क नाही, गुडघा नाही. मागून नाही, पुढून नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आणि सगळ्यात झोंबलं ते हे की पाळक थांबलेसुद्धा नाहीत. बाकीच्यांसाठी दहा आकडे, आणि तिच्यासाठी एकही नाही. नाव वाचून ते लगेच प्रार्थनेला लागले, तिच्या डोळ्यासाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी, आणि आमेन म्हणून पुढच्या चिठ्ठीला हात घातला.

पुढची नावं तिनं मोजली नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही डोळ्यांतून, जो काही कामाचा नव्हता त्यातूनसुद्धा. शेवटचं आमेन झाल्याबरोबर ती उठली आणि कुणाशी नजर न मिळवता मागच्या दाराकडे निघाली.

दाराजवळच्या भिंतीला कोट अडकवायच्या खुंट्या होत्या. तिथं कुणाचा तरी फिका कोट लोंबकळतोय असं तिला वाटलं. जवळ गेल्यावर तो कोट हलला. धाकटी होती. एका हातानं खुंटी धरलेली, दुसरा पोटावर, आणि चेहरा कागदासारखा पांढरा.

“तू?” ताई म्हणाली. “तू कधी आलीस?”

“पहिल्या नावाच्या आधी. मास्तरांनी काल सांगितलं मला, तू कशाला सांगतेस!”

“मग पुढे येऊन बसली का नाहीस?”

“बसून काय करू? बसलं की उठताना टाक्यांची जागा अजून ओढते, दोन मिनिटं लागतात मला. तुझं नाव कितवं येईल काय ठाऊक. मी उठेपर्यंत आमेन व्हायचं! म्हटलं, बसायचंच नाही. चिठ्ठी नसती निघाली तर शेवटी इथूनच ओरडणार होते.”

“सगळा वेळ उभी होतीस?”

“चौतीस नावं झाली. मीही मोजली हं आज. तुझ्या नावाला तेवढा हात वर केला.”

ताईला पाळकांचं न थांबणं आता कळलं. ते सगळ्यांकडे तोंड करून उभे असतात. त्यांना थांबायचं कारणच नव्हतं.

इतक्यात पाववाला टोपी घालत जवळ आला. “काय हो काजताई, ते डोळ्याचं नाव कुणाचं होतं? नवीन कुणी राहायला आलंय का? कळलं नाही म्हणून उठलो नाही, चुटपुट लागली जिवाला.” ताई त्याच्याकडे पाहत राहिली. तो मान हलवत निघून गेला.

“माझं ते नाव घरातल्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही,” ती पुटपुटली.

“मला आहे की,” धाकटी म्हणाली. ती हसत होती. “एक सांगू? भूल देताना मी जाम घाबरले होते. मग म्हटलं, काल ताई उभी राहिली असेल माझ्यासाठी. तू उभी आहेस एवढंच डोळ्यापुढे धरून ठेवलं, आणि झोप कधी लागली कळलं नाही.”

आता गप्प राहणं सोपं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. अकरा माणसांत बारावी होती की नव्हती हे कोण कुणाला विचारणार? ताईनं तोंड मिटलं, मग उघडलं.

“मी उठले नव्हते.”

धाकटीला नीट कळलं नाही. “कधी?”

“त्या रविवारी. सगळे उठले, अकरा जण, मी मोजले. मी एकटी बसून राहिले. बाक धरून बसले, पाय उठायला बघत होते तर दाबून धरले.”

खुंटीवरची बोटं आवळली. मग धाकटी हळूच म्हणाली, “डोळ्यामुळे? माझ्या हातून झालं ते—”

“डोळ्यामुळे नाही गं. डोळ्याचं कधीच विसरले. आई तुझ्यासाठी बोलली, ते नाही विसरले. माझ्यासाठी कधी कुणी बोललंच नाही.”

“तुझी चूक कुठं होती, ताई? कुणी बोलायचं तरी कशासाठी?”

“आता आहे,” काजताई म्हणाली.

चर्च रिकामं झालं होतं. पाळक पुढे चिठ्ठ्या गोळा करत होते, त्यांनी मान वर केली नाही. धाकटीनं खुंटी सोडली, ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ताईनं तिच्या कमरेला विळखा घातला, शेवटच्या बाकापर्यंत पावला-पावलानं नेलं आणि टाक्यांच्या जागेला धक्का लागणार नाही असं अलगद खाली टेकवलं. बाक करकरला.

“तूही बस,” धाकटी म्हणाली.

“तू बस आता,” काजताई म्हणाली. “मी उभी आहे.”